सोमवारची जोडी

नांदेड
२४ जून २०२५

श्रीशैल,

माझे तीन मेसेज तू वाचलेस, एवढं फोन सांगतो. उत्तर आलं नाही, म्हणून कागद घेतला. तसंही काम कागदाचंच आहे.

आपल्या सोयाबीनच्या प्रथिनातला आरएनए धरणारा तुकडा मी इथे पुन्हा बनवायला घेतला आहे. माझ्याकडे आता एक संशोधक विद्यार्थिनी आहे, तारामतीबाई. ‘बाई’ अशासाठी की त्या माझ्यापेक्षा वयानं मोठ्या आहेत. किनवटकडच्या एका आश्रमशाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवलं आणि आता बिनपगारी रजा टाकून पीएच.डी.ला आल्या आहेत. मला ‘मॅडम’ म्हणतात आणि मी डबा संपवला नाही तर रागावतात. त्यांना विषय काय द्यावा याचा फार विचार करावा लागला नाही. तुझ्या पेपरात लिहिलं आहे की हा तुकडा एकटा काम करत नाही. दोन रेणू एकमेकांना धरतात आणि त्या जोडीनं आरएनए पकडतात. त्याच्या पुढचं काम करायचं ठरवलं. जोडीतला कोण किती वाटा उचलतो, ते बघायचं.

पण इथे जोडीच होत नाही.

करतो आहोत सगळं तसंच. मापानं वेगळं करणाऱ्या कॉलममधून मोठं आधी उतरतं, लहान मागून. हैदराबादला आपलं प्रथिन आधी उतरलं होतं, जोडीच्या जागी. इथे ते मागून येतं, एकेकटं. तारामतीबाई म्हणतात, “मॅडम, आपलं प्रथिन शेवटच्या बाकावर बसतंय.”

आमचा क्लोन कंपनीकडून बनवून घेतलेला आहे. टोकाला कुठे काही फरक असेल. मूळ क्लोन तू हॅम्बर्गला जाताना नेलेल्या डब्यात आहे. तो हवा आहे. आपण मित्रमंडळींना पाठवायचो तसाच पाठव: फिल्टर पेपरवर डीएनएचा थेंब टाकून वाळू दे आणि भोवती पेन्सिलीनं गोल काढ. शाई नको, पाण्यात उतरते. हे मी तुला सांगते आहे, ज्यानं मला शिकवलं त्याला. असो. साधा लिफाफा चालेल. आम्ही इथे तेवढा गोल कापून पाण्यात भिजवू.

अव्वा ठीक आहेत. मी दर रविवारी लातूरला जाते. त्यांच्याकडे गेल्यावर तुझा विषय निघतोच असं नाही.

पत्ता विद्यापीठाचा घाल. मी घर बदललं आहे.

तनुजा

लातूर
२० जुलै २०२५

श्रीशैल,

लिफाफा मिळाला. आत दुमडलेला फिल्टर पेपर, त्यावर पेन्सिलीचा गोल. बाकी काही नाही. मी लिफाफा उलटा करून झटकला, मग उजेडाकडे धरून आत पाहिलं. हे तारामतीबाई जेवायला गेल्या तेव्हा केलं.

वर माझं माहेरचं आडनाव लिहिलं आहेस. विद्यापीठात तेच आहे, म्हणून लिहिलं असशील.

शुक्रवारी आला आणि काल मी तो पर्समध्ये घालून लातूरला घेऊन आले. प्रयोगशाळेतल्या फ्रीजचा भरवसा नाही, असं स्वतःला सांगितलं. वाळलेल्या डीएनएला फ्रीज लागत नाही, हे तुला माहीत आहे.

अव्वांनी पाहिलाच.

“काय गं ते?”

“त्यांनी पाठवलंय.” तुझ्या आईसमोर मी अजून तुला ‘ते’च म्हणते.

“कोरा कागुद? एवढ्या दिसांनी बायकूला कोरा कागुद धाडला त्यानं?”

“कोरा नाही अव्वा. त्या गोलात आहे.”

“काय हाय गोलात?”

“बी समजा. त्यातून प्रथिन तयार होतं.”

त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. “न्हाई दिसत. आन् आता माझे डोळे नवे हायत, हां.” (मोतीबिंदू मे महिन्यात काढला. तुला कळवू नको म्हणाल्या होत्या, म्हणून कळवलं नाही. आता लिहून गेलं.)

मी चहा ठेवायला आत गेले तेवढ्यात त्यांनी कागद देव्हाऱ्यात नेला आणि ओल्या विभूतीची तीन बोटं ओढली. थेट गोलावरून.

“अव्वा!”

“काय झालं वरडायला? पोरानं तुला धाडलेली चीज हाय. देवाला दावल्याबिगर कापतीस व्हय?”

आता तो कागद उन्हात वाळतो आहे, त्यावर राखेचे तीन पट्टे आहेत, आणि त्याखाली कुठेतरी आपला क्लोन आहे. तारामतीबाईंना कोणत्या तोंडानं सांगू ते कळत नाही.

दुपारी भाकरी थापताना अव्वा म्हणाल्या, “हैदराबादेत मोठी जागा निघालीय म्हणं. ऑक्टोबरात मुलाखत हाय त्याची. मिळाली की येतो म्हणला, कायमचा.” आणि मग माझ्याकडे बघून, “तुला ठावं असंल की.”

मी हो म्हटलं. तव्यावरची भाकरी करपली ती मी खाल्ली.

आईला सांगितलंस, ठीक आहे, आई आहे. पण मी त्यानंतर तासभर हिशेब करत बसले: हैदराबादहून नांदेडला बस आहे, रेल्वे आहे, शनिवार-रविवार येता येईल, सोमवारी पहिलं लेक्चर मी दुपारी लावून घेईन. त्या जागेसाठी तुझ्याकडे दाखवायला काय आहे, तेही मला माहीत आहे. ती जोडी आहे. तीच तुला हॅम्बर्गला घेऊन गेली, तीच परत आणेल.

मला ती जागा तुला मिळायला हवी आहे. हे एवढं वाक्य कामाबाहेरचं आहे, तेवढं चालवून घे.

तनुजा

नांदेड
३० जुलै २०२५

श्रीशैल,

जोडी आली!

सोमवारी पेशी फोडल्या, काल कॉलम चालवला. पडद्यावर रेघ वर चढायला लागली तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. आधीच्या जागी. हैदराबादला चढायची तिथेच. मागे एकट्याचा एक लहानसा उंचवटा आहे, पण तो किरकोळ.

विभूतीनं काही बिघडलं नाही. गोल भिजवला तेव्हा पाणी राखेनं गढूळ झालं, तारामतीबाईंनी ते गाळलं आणि म्हणाल्या, “आपल्या शाळेतली पोरं गणपतीच्या पायाशी पेन ठेवतात मॅडम, हे तेवढंच.” ताटलीत जिवाणूंच्या वसाहती भरपूर उगवल्या.

म्हणजे दोष आमच्या विकतच्या क्लोनात होता. तुझा बरोबर होता. तू बरोबर होतास. मुलाखतीत ती रचना छातीठोकपणे दाखव. लागला तर आमचा हा आलेखही दाखव. नांदेडला दुसऱ्या हातांनी केलं तरी तेच येतं, हे सांगायला बरं.

आम्ही खाली आनंदराजच्या टपरीवर चहा प्यायलो. मी भजीही सांगितली. तारामतीबाई माझ्याकडे बघत होत्या.

“मॅडम, एकदा आलं म्हणजे आलं का? आणखी दोनदा करू.”

“करा की.”

“तुमचं लक्ष न्हाई आज.”

नव्हतंच. मी हैदराबादच्या त्या खोलीत होते, जिथे आपल्याला दोघांत एक टेबल होतं आणि खुर्च्या मात्र दोन होत्या, एक मोडकी. तू स्फटिकावरून रचना सोडवलीस त्या दिवशी मला पडद्यासमोर चांगल्या खुर्चीत बसवलंस आणि ते दोन रेणू हळूहळू फिरवून दाखवलेस. एकाच्या कडेची पट्टी दुसऱ्याच्या कडेच्या पट्टीला लागून, आणि शेवटी दोन सिस्टीन समोरासमोर, त्यांच्यामधे गंधकाचा पूल. तुझा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता.

मग तुला हॅम्बर्ग मिळालं आणि मला नांदेडची कायम ऑर्डर. मी तिकडे येईन म्हणून तू थांबलास, तू इकडे येशील म्हणून मी. फोनवर आधी रोज भांडलो, मग आठवड्याला, मग भांडायलाही फोन केला नाही.

भजी गार झाली. तारामतीबाईंनी खाल्ली.

तनुजा

नांदेड
१४ ऑगस्ट २०२५

श्रीशैल,

हे पत्र नीट वाच. मागचं विसर.

गेल्या गुरुवारी तुझ्याच क्लोनातून दुसऱ्यांदा प्रथिन काढलं. एकटं आलं. या सोमवारी तिसऱ्यांदा काढायला घेतलं, मंगळवारी कॉलम चालवला. जोडी. मला वाटलं, यंत्र बिघडलं. कॉलम धुतला, मापाची प्रथिनं घालून तपासला. कॉलम ठीक होता.

काल दुपारी मी तारामतीबाईंना समोर बसवलं आणि म्हटलं, “सोमवारी काय वेगळं करता?”

“काहीच न्हाई.”

“पाण्यापासून सांगा.”

त्यांनी पाण्यापासून सांगितलं. मीठ, बफर, सगळं. मर्कॅप्टोच्या बाटलीपाशी आल्या आणि थांबल्या.

“ती सोमवारी उघडत न्हाई ना म्या.”

“का?”

“श्रावण आहे मॅडम.”

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. आमचे विभागप्रमुख मडिवाळप्पा सर श्रावणी सोमवार कडक धरतात, दिवसभर पाण्यावर असतात. त्यांची खोली आमच्या शेजारी. धूर ओढणारा पंखा उन्हाळ्यापासून बंद पडलेला. मर्कॅप्टोचा वास तुला ठाऊक आहे, सडक्या अंड्याचा बाप. पहिल्या सोमवारी सर व्हरांड्यात त्यांना भेटले आणि हात जोडून म्हणाले, “बाई, बाकी सहा दिवस नाक तुमचं. सोमवारचं तेवढं मला सोडा. उपाशीपोटी अंड्याचा वास आला तर उपास राहील का?”

“मग तुम्ही ती घातलीच नाही?”

“एक दिवस थोडं कमी पडलं तर काय व्हतंय, म्हटलं. सर उपाशी असतात. आणि बाकी दिवस घालते की!”

मी हसायला लागले. हसता हसता मला कळलं आणि मग हसू थांबलं.

तुलाही आता कळलं असेल. मर्कॅप्टो असलं की सिस्टीनचं गंधक मोकळं राहतं. नसलं की हवेतला ऑक्सिजन दोन रेणूंच्या गंधकांना बांधून टाकतो. जूनमध्ये बाटली रोज उघडी होती, म्हणून आमचं प्रथिन रोज एकटं. दोष विकतच्या क्लोनात नव्हताच. जोडी फक्त उपासाच्या दिवशी. पेशीच्या आत तर सिस्टीन मोकळंच राहतं, तिथे कधी सोमवार नसतो. तो पूल हवेनं बांधला आहे, श्रीशैल. प्रथिनानं नाही.

तुझ्या स्फटिकांत तो कसा आला तेही उघड आहे. थेंब कितीतरी आठवडे बसून असतात, मर्कॅप्टो काही दिवसांत उडून जातं, उरते हवा. कॉलमचं बफरही जुनं असणार, त्यातलंही उडालेलं. यात कुणी कामचुकारपणा केला नाही. आपण सगळे त्या पडद्याभोवती उभे होतो, हैदराबादच्या आपल्या सरांसकट, आणि सगळ्यांना ते दोन रेणू फार सुंदर दिसले. पेपरवर माझंही नाव आहे.

तारामतीबाई म्हणाल्या, “तुमच्या मिस्टरांची मुलाखत ऑक्टोबरात ना? मग नोव्हेंबरात कळवा. इथं कोण विचारून राहिलंय?”

त्यांना मुलाखतीचं मीच सांगितलं होतं, भज्यांच्या दिवशी. त्या वाईट सल्ला देत नव्हत्या. काल दुपारपासून आत्तापर्यंत मीही हेच म्हणत होते, मनात, निरनिराळ्या शब्दांत. अजून फक्त तीनच वेळा केलंय. आणखी पुरावा हवा. घाई कशाला. आणि या सगळ्याच्या खाली एकच: येऊ दे आधी. घरात येऊन बसू दे, मग बोलू.

पण मग तू त्या लोकांसमोर ती जोडी फिरवून दाखवशील, आणि ती खोटी आहे हे त्या वेळी जगात दोन बायकांना माहीत असेल. त्यातली एक रात्री तुझ्या शेजारी झोपायची वाट बघत असेल. ते मला जमणार नाही.

तिन्ही आलेख सोबत आहेत. मागच्या पत्रात ‘छातीठोकपणे दाखव’ लिहिलं होतं ते रद्द.

तू हे वाचशील तेव्हा मी तिथे नसेन, याचं मला फार वाईट वाटतं आहे.

तनुजा

नांदेड
११ ऑक्टोबर २०२५

श्रीशैल,

तुझं पत्र म्हणजे दोन पानं आणि एक नवा गोल. या वेळी तुझे शब्द होते. मी आधी गोल बाजूला ठेवला आणि पानं वाचली.

पहिल्या पानावर सगळे प्रश्न: बफरचं आम्ल-अल्क किती, थंडीत किती वेळ, आरएनए घातल्यावर काय होतं. दुसऱ्या पानावर पुन्हा प्रश्न. आणि अगदी शेवटी ते एक वाक्य: ‘मुलाखत होईपर्यंत तू थांबली असतीस तर मी तुला कधी माफ केलं नसतं, आणि थांबली नाहीस म्हणून मला आत्ता तुझा भयंकर राग आला आहे.’ हे वाक्य वाचून मला किती बरं वाटलं ते सांगितलं तर तुला आणखी राग येईल.

उत्तरं आज फोनवर पाठवली आहेत, कारण हे पत्र मुलाखतीआधी पोचणार नाही. पण लिहायचं आहेच.

नव्या क्लोनात तू सिस्टीन काढून तिथे सेरीन बसवलं आहेस. त्याला गंधकच नाही, मग हवा कितीही असली तरी पूल बांधणार कुठून. ‘माझ्या हातांवर माझा विश्वास नाही, तू कर,’ असं लिहिलंस. केलं. तारामतीबाईंनी मुद्दाम सोमवारी केलं. श्रावण संपला तरी सोमवारीच. मडिवाळप्पा सर आत डोकावून म्हणाले, “आज वास नाही?” बाई म्हणाल्या, “नव्या क्लोनाला बाटली लागतच न्हाई सर. आता तुम्ही बारा महिने उपास करा.”

एकटं आलं. पुन्हा केलं, एकटंच.

मग तुझा शेवटचा प्रश्न. सगळी आशा त्याच्यावर होती, तुझीही आणि माझीही: आरएनए समोर असताना तरी दोन रेणू एकत्र येतात का? आले असते तर पूल खोटा निघूनही जोडी खरी ठरली असती, पेपर टिकला असता, पुढचंही सगळं. तारामतीबाई आरएनए घालत होत्या तेव्हा मी त्यांच्या मागे उभी होते. त्या म्हणाल्या, “मॅडम, जरा लांब व्हा, उजेड अडतोय तुमच्यामुळं.”

एकेक रेणू आरएनएवर आपापला बसतो. पकड घट्ट आहे, तू पेपरात जोडीची दिली होतीस तेवढीच. कमी नाही. जोडीची गरजच नाही त्याला.

आता एक विनंती. यातून आपला अर्थ काढू नकोस. मी दोन दिवस काढत बसले होते आणि जेवण गेलं नाही. मग माझ्या भावाचा, भुजंगचा फोन आला, हदगावला सोयाबीन पाण्यात उभं आहे, गुडघाभर चिखल. त्यानं विचारलं, “ताई, तुमचं ते प्रथिन पाण्यात जगतं का?” मी म्हटलं, “जगतं.” तो म्हणाला, “मग झाडाला शिकवा की.” त्यानंतर मला जरा खायला सुचलं. प्रथिन एकटं नीट काम करतं, हे प्रथिनाबद्दल कळलेलं आहे. माझ्याबद्दल काही कळलेलं नाही. मी नीट काम करते आणि मला तुझी आठवण येते, दोन्ही रोज.

मुलाखतीत तू काय करायचं ते मी सांगणार नाही. अव्वा त्या दिवशी उपास धरणार आहेत. कशासाठी, हे मी त्यांना विचारलं नाही.

तनुजा

लातूर
४ जानेवारी २०२६

श्रीशैल,

डिसेंबरात तुझा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. अव्वा फोन नेहमी मोठ्यानं लावतात, त्यामुळे ऐकलं. तुला कदाचित माहीत नसेल.

“न्हाई मिळाली अव्वा.”

“आन् म्या कवाधरनं इचारतीय. दोन म्हैनं झालं.”

“सांगवलं नाही.”

“का न्हाई दिली त्येंनी?”

“मीच आधी सांगितलं. इथूनच कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं, या पेपरात जे मुख्य आहे ते चूक आहे, माझ्या बायकोनं शोधून काढलं. मग बाकीचं कोण ऐकतंय.”

अव्वांनी फोन तोंडाशी आणला. मग म्हणाल्या, “बायकू म्हणलास का बाई म्हणलास?”

“बायको म्हटलं.”

“मग बरं केलास. येतोस कवा?”

तू ‘बघू’ म्हणालास आणि फोन ठेवलास.

तिथून आठवड्यानं तुझं पत्र आलं. पेपरची दुरुस्ती आपण पाठवली, तारामतीबाईंचं नाव पहिलं, ते छान केलंस. त्यांनी शाळेला पेढे पाठवले. पण मी वाचलं ते पुढचं: ‘इथलं काम आणखी दोन वर्षं वाढवून देत आहेत. जानेवारीअखेर सही करायची आहे. आता तिकडे येण्याला काही निमित्त उरलं नाही.’

मी हे पत्र तीनदा घडी करून उघडलं. अव्वा समोर शेंगा सोलत होत्या. त्यांनी विचारलं, “काय म्हणतोय?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “तू काय म्हणतीस?” मी म्हटलं, “मी काय म्हणणार, त्यांचं त्यांनी ठरवायचं.” तर अव्वांनी हातातली शेंग टाकली. “तू तोंडानं कधी ये म्हणलीस का त्येला? मला सांग. म्या हजारदा म्हणलं, मी आई हाय, माझं कोण ऐकतंय. तू म्हणलीस का?”

नाही म्हटलं. भांडणात ‘तुझ्यावर आहे’ म्हटलं, ‘तुला वाटलं तर’ म्हटलं. गेल्या जूनपासून क्लोन मागितला, आलेख पाठवले.

म्हणून आज लिहिते.

मी तिकडे येणार नाही. आजवर कारणं दिली, कायम नोकरी, अव्वा एकट्या. ती खरी आहेत, पण ती नसती तरी आले नसते. मला इथलं काम आवडतं. बिघडलेला पंखा, एक कॉलम, वीज गेली की बर्फाच्या डब्यांसाठी धावणं, आणि खिडकीबाहेर पलीकडच्या शेतात तेच पीक, ज्याचं प्रथिन आत बाटलीत आहे. हॅम्बर्गला मी पाहुणी म्हणून राहीन आणि तुला ते आठ दिवसांत दिसेल.

म्हणून तूच ये. जागा न मिळता ये. हे सोपं नाही, आणि मी सोपं करून सांगणार नाही. नांदेडचं घर दोन खोल्यांचं आहे. पगार एकच, माझा. सकाळी मी विद्यापीठात जाईन आणि तुला जायला कुठे नसेल. वर्ष लागेल, दोन लागतील, कदाचित आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजात तासिकेवर शिकवावं लागेल आणि तिथल्या पोरांना आरएनए म्हणजे परीक्षेतले चार मार्क. लोक विचारतील, जावईबापू सध्या काय करतात. सगळ्यात आधी भुजंग विचारेल, आणि तोही चारचौघांत, मोठ्यानं.

हे सगळं मी मांडून पाहिलं, श्रीशैल, आणि तरी मला तू हवा आहेस. संध्याकाळी कुलूप काढताना आत कुणीतरी असावं असं नाही वाटत. तू असावास असं वाटतं.

सही करू नकोस. भुजंगला काय सांगायचं ते मी बघते. तू तिकीट काढ.

तनुजा